सात बारा

भरीत घोटता घोटता लीलाधरदाजी थांबले,
मागं वळून पाहिलं, म्हणाले,
"कोन्ही दगड मारला का रे भो?"

मागं पिलबाग होती, ठिबकच्या नळ्या,
आणि कानाला झोंबणारी डिसेंबरची हवा.
कोणी नव्हतं.

आम्ही हसलो. अठ्ठावीस माणसं हसलो.
पऱ्हाट्यांचा जाळ अजून विझला नव्हता.
कोणीतरी म्हणालं, मिरची चढली.
मग मुसळी हातातून सुटली,
बडगीत नाही, बाहेर मातीत पडली,
आणि दाजी वाकून ओकले
रिकाम्या पोटी. अजून एक पुरीही मोडली नव्हती.

"पित्त आहे." "गार वारं लागलं." "कांदा हुंगवा."
"निजू द्या त्याले घडीभर."
खाट आली. गोधडी आली.
मी बहिणीचा भाऊ, शहाणा, मेडिकलवर बसणारा,
खिशातून डोकेदुखीची गोळी काढली,
तांब्या पुढं केला.

रुबाब तडवीनं माझं मनगट धरलं.
रुबाब केळीची गाडी चालवतो,
आमच्यात सहसा बोलत नाही.
"काही देऊ नका. पाणीबी नको.
किती वाजले?"
सात वाजून बारा मिनिटं.
"लिहून ठेवा. डॉक्टर इचारतो."

मग त्यानं पिकपचं फाळकं पाडलं
आणि भरलेले घड, दुसऱ्याचे, मोजलेले,
खाली ढकलले. अंधारात. धप, धप.

गावच्या दवाखान्यात दिवा होता.
सलाईन लावू, सकाळी पाहू, असं तिथं म्हणतात,
माणसं चांगली आहेत.
रुबाबनं ब्रेकवर पाय ठेवला नाही.
फैजपूर गेलं. मी मागं,
दाजींना कुशीवर धरून,
मान लाकडासारखी, हौद्याला केळीच्या चिकाचा वास.
बहीण पुढं, फोनवर, जळगावला विचारत होती
स्कॅनचं मशीन चालू आहे का,
मेंदूचे डॉक्टर आहेत का, आत्ता, या घडीला.
रडत नव्हती.
बाजारात भाव विचारावा तसं विचारत होती.

तापीच्या पुलावर दाजींनी मला
माझ्या वडलांच्या नावानं हाक मारली.
त्यानंतर काही बोलले नाहीत.
तो पूल मी शंभरदा ओलांडलाय,
एवढा लांब नव्हता.

पडद्यावर, डोक्याच्या आत, पांढरा डाग.
औषधं विकतो मी, पण मला वाटलं होतं रक्त काळं दिसेल.
डॉक्टरांनी चिठ्ठी पाहिली. सात बारा.
"गोळीबिळी दिली होती काही?"
नाही.
"रक्त पातळ करणारी असती तर."
वाक्य तिथंच ठेवून ते हात धुवायला गेले.
माझ्या खिशात ती गोळी होती.

"बापाचं असंच झालं," रुबाब पायरीवर म्हणाला,
पहाटे तीन वाजता, चहा हातात निवत होता.
"पालला होतो तव्हा. डोकं फुटलं म्हनला एकदम.
आम्ही म्हटलं, नीज.
निजला.
सकाळी कोंबडं उठलं."

दुसऱ्या दिवशी घड मोजले तर नऊ कमी.
डिझेलचे पैसे रुबाबनं घेतले,
नवाचे घेतले नाहीत.

या वर्षी पुन्हा पऱ्हाट्या पेटवल्या.
दाजी खाटेवर बसून उजव्या हातानं वांगी सोलतात.
डावा हात सांगितल्यावर येतो, उशिरा.
तांब्याला कधीकधी "दार" म्हणतात, आम्ही तांब्या देतो.
सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे.

जेवताना टोपलूकाकांनी कपाळ दाबलं,
"आज डोकं ठणकतंय लेकाचं."
अठ्ठावीस माणसं गप्प.
"कव्हापासून? एकदम का हळूहळू?"
"अरे दुपारपासून. उन्हात हिंडलो."
तरी रुबाब उठलाच, किल्ली मुठीत.
"हसून दाखवा काका. आता दोन्ही हात वर."

टोपलूकाका हसले. दोन्ही हात वर केले,
एकात कांद्याची पात.